चाळीस शिलिंगांची रद्दी

दोन मोठी ग्रंथालयं, चाळीस शिलिंगांना. घेणारा कुणी व्यापारी होता. त्याचं नाव तूर्त सांगत नाही, असं जॉन बेल म्हणतो, आणि तो गृहस्थ कायमचा निनावी राहिला. १५४९ साली बेलने हे छापलं तेव्हा त्या व्यापाऱ्याने दहा वर्षांहून अधिक काळ त्या पोथ्यांची पानं पुड्या बांधायला वापरली होती, आणि अजून तेवढीच वर्षं पुरेल एवढा माल त्याच्याकडे शिल्लक होता. बेलचं गाऱ्हाणं एवढ्यावर थांबत नाही. कुणी त्या पानांनी शमादानं घासली, कुणी बूट पुसले, कुणी ती शौचकूपात नेऊन ठेवली. उरली ती किराणावाल्यांना नि साबणवाल्यांना गेली. त्यातूनही उरली ती जहाजं भरभरून समुद्रापार, पुस्तकबांधणी करणाऱ्यांकडे. वासराच्या नाहीतर मेंढीच्या कातड्यावर लिहिलेली पानं ती. चिवट, सहजी न फाटणारी. त्यांवर शाई नसती तर कदाचित भाव जास्त आला असता.

बेल मठांचा कैवारी नव्हता. एके काळी तो स्वतः कार्मेलाइट पंथाचा साधू होता. पुढे असा कडवा प्रॉटेस्टंट झाला, की पोपच्या नावाने त्याच्याइतकी बोटं मोडणारा माणूस त्या काळच्या इंग्लंडमध्येही शोधावा लागला असता. मठ बुडाले याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. पोथ्यांचं काय झालं ते सांगताना मात्र त्याचा आवाज फाटतो. घर पाडणाऱ्यांतलाच एक जण ढिगाऱ्यात उकिडवा बसून रडतो आहे: इंग्लंडमधल्या जुन्याच्या अभ्यासाचा आरंभ मला इथे दिसतो. पुढची दोनशे वर्षं हा अभ्यास करणाऱ्यांना अँटिक्वेरी म्हणत आणि बहुतेक वेळा हसत. मोडकी नाणी, झिजलेले शिलालेख, वाळवी लागलेले दस्त यांत नाक खुपसून बसलेला विक्षिप्त म्हातारा नाटकांतून रंगवायला सोपा असतो. त्या म्हाताऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उशीर झाला आहे खरा, पण उशिराची त्यांना सवय होती.

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठशेच्या आसपास मठ बंद केले. छपरांवरचं शिसं उतरवलं, वितळवलं, त्याचं वजन झालं. घंटा मोजल्या गेल्या. जमिनी विकल्या. शिशाचा हिशेब लागला, घंटांचा लागला. पोथ्यांचा हिशेब मागितलाच नाही कुणी.

एक माणूस मात्र त्याआधी आत जाऊन आला होता. जॉन लेलंड हा लंडनचा पोरका पोरगा. सेंट पॉलच्या शाळेत शिकला, केंब्रिजला गेला, पॅरिसला गेला, लॅटिनमधून कविता करू लागला. १५३३ साली हेन्रीने त्याच्या हाती फर्मान दिलं, की राज्यातल्या मठांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालयं धुंडाळून काढ. तीन वर्षांनी त्याच राजाने मठांवर हात टाकला. लेलंडला याचा राग आला का? आला असला तरी कागदावर तो कुठे नाही. राजाची स्तुती करायला तो कधी थकला नाही, आणि ती सगळी खोटी होती असंही मला वाटत नाही. जुन्या धर्माचा अंधार जावा असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या अंधारात ठेवलेली पुस्तकं तेवढी उजेडात यावीत, एवढीच त्याची इच्छा. दोन्ही एकदम होणार नव्हतं.

ग्लास्टनबरीच्या ग्रंथालयाच्या उंबऱ्यावरच आपण थबकलो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. इतकी जुनी पुस्तकं एका जागी पाहून अंगावर काटा आला, पाऊल उचलेना. मग स्थानदेवतेला वंदन करून तो आत गेला आणि काही दिवस तिथल्या फळ्या चाळत राहिला. तिथला मठाधिपती रिचर्ड व्हाइटिंग हा त्याचा स्नेही. आपल्या हस्तलिखितात लेलंडने त्याला अत्यंत निर्मळ मनाचा माणूस आणि आपला खास मित्र म्हटलं. १५ नोव्हेंबर १५३९ रोजी त्या म्हाताऱ्या व्हाइटिंगला गावातून फरफटत टेकडीवर नेलं, फासावर लटकवलं आणि देहाचे चार तुकडे केले. मुंडकं त्याच्याच मठाच्या दरवाज्यावर लागलं. तुकडे वेल्स, बाथ, इल्चेस्टर आणि ब्रिजवॉटर या गावांना वाटून दिले. लेलंडच्या हस्तलिखितात मित्राबद्दलच्या त्या शब्दांवर आता एक रेघ आहे.

त्या रेघेपाशी मी अडतो. भित्रा माणूस, असं म्हणून मोकळं होता येतं. पण थॉमस मोरचं डोकं उडालं होतं, बिशप फिशरचं उडालं होतं, आणि ज्याने मठ बुडवायची सगळी व्यवस्था लावली त्या थॉमस क्रॉमवेलचंही पुढच्याच वर्षी उडणार होतं. अशा दिवसांत शहाण्या माणसाने पान जाळलं असतं. लेलंडने रेघ मारली. खालचे शब्द आजही वाचता येतात.

सहा वर्षं तो रस्त्यावर होता. किनारे, खाड्या, नद्यांचे संगम, दलदली, डोंगर, गढ्या, बाजारगावं, एवढंच काय तर पुलांच्या कमानी आणि या गावापासून त्या गावापर्यंतची मैलांची अंतरं त्याने टिपली. वाक्यं तुटक आहेत, क्रियापद कधी आहे कधी नाही. घोड्यावरून उतरल्या-उतरल्या लिहिल्यासारखी. माम्सबरीच्या मठात तो पोहोचला तेव्हा मठ स्टंप नावाच्या एका गब्बर कापडवाल्याने विकत घेतला होता. मठाच्या लांबच लांब कोठारांतून, खोल्याखोल्यांतून हातमाग बसवलेले होते, आणि गावात वर्षाला तीन हजार ठाण कापड निघत होतं. लेलंडने हे सगळं कसलीही हळहळ न करता लिहिलं. उलट, मठाचं देऊळ गावाला मिळावं म्हणून सर्वांत जास्त खटपट करणारा आणि पैसे देणारा हा स्टंपच, हेही नोंदवलं. हा स्टंप लक्षात असू द्या. त्याच्या नातवंडा-पतवंडांशी गाठ पडायची आहे.

१५४६च्या सुमारास लेलंडने राजाला नववर्षाची भेट म्हणून एक लेख सादर केला. भेट कसली, वचनांची यादीच ती. चांदीच्या पत्र्यावर कोरलेला राज्याचा नकाशा. जितके परगणे तितकी पुस्तकं, म्हणजे पन्नास. बेटांवर सहा वेगळी. सरदार घराण्यांवर तीन. जानेवारी १५४७ मध्ये हेन्री मेला, आणि त्याच सुमारास लेलंडचं डोकं फिरलं. १५५१ साली सरकारी कागदावर तो वेडा ठरला; त्याचा ताबा भावाकडे दिला. १८ एप्रिल १५५२ रोजी तो गेला. पन्नासांतलं एकही पुस्तक झालं नव्हतं.

का फिरलं, याबद्दल तेव्हापासून तर्क चालू आहेत. अतिश्रम म्हणावेत, दरबारी निराशा म्हणावी. मला वाटतं, आधी पाहिलेलं आणि नंतर पाहिलेलं त्याच्या वह्यांत शेजारी शेजारी होतं, आणि त्या दोहोंचं एक पुस्तक होईना. लेलंडा, तुझी तर कबरसुद्धा राहिली नाही. चीपसाइडच्या टोकाला ज्या सेंट मायकेलच्या देवळात तुला पुरलं, ते १६६६च्या आगीत जळालं आणि पुन्हा कुणी बांधलं नाही.

वह्या मात्र हातोहात फिरत राहिल्या. १५७६ साली त्या जॉन स्टोच्या हाती आल्या आणि त्याने बसून त्या उतरवून काढल्या. पुढे मूळ वह्यांतले काही भाग गहाळ झाले. ते आज स्टोच्या अक्षरातच काय ते आहेत. छापायला आणखी सव्वाशेहून अधिक वर्षं जावी लागली. ऑक्सफर्डच्या टॉमस हर्नने १७१० ते १७१२ या काळात त्यांचे नऊ खंड काढले.

स्टो हा शिंपी. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. या साऱ्या मंडळींत माझा जीव जडला आहे तो याच्यावर, हे आधीच सांगून टाकतो. घोड्यावर बसणं त्याला कधी जमलं नाही. सगळी हिंडफिर पायी. जे मिळवलं ते जुन्या बखरी आणि दस्त विकत घेण्यात घातलं. १५६९ साली त्याच्या घराची झडती झाली, कारण जुनी पुस्तकं बाळगणारा माणूस जुन्या धर्माचाच असणार! झडतीवाल्यांनी पुस्तकांची यादी केली आणि हात हलवत परत गेले. १५९८ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याचं लंडनवरचं पुस्तक आलं. गल्लीगल्लीतून तो आपल्याला चालवत नेतो आणि मधेच थांबून सांगतो, की लहानपणी इथे शेत होतं, जोगिणींच्या मठाचं. उन्हाळ्यात अर्ध्या पेनीला तीन पाइंट दूध मिळायचं आणि ते धारोष्ण असायचं.

त्याच पुस्तकात त्याच्या बापाच्या बागेची हकीकत आहे. थ्रॉगमॉर्टन रस्त्यावर बापाचं घर होतं. शेजारी क्रॉमवेलने वाडा बांधला. वाडा झाला, तरी बाग त्याला अपुरी वाटली. एक दिवस माणसं आली आणि कुणाला न सांगता न विचारता त्यांनी शेजाऱ्यांच्या बागांतून बावीस फूट आत दोरी धरली, पाया खणला, उंच भिंत घातली. स्टोच्या बापाचं बागेला लागून असलेलं छोटं घर मधे येत होतं. ते त्यांनी जमिनीपासून सुटं केलं, गोल ओंडक्यांवर चढवलं आणि बावीस फूट ढकलून दिलं. बापाने मुकादमांना विचारलं तेव्हा मालकाचा हुकूम आहे, एवढंच उत्तर मिळालं. दाद मागायला कुणी धजलं नाही. आणि उरलेल्या अर्ध्या बागेचं भाडं बाप पूर्वीसारखंच भरत राहिला, वर्षाला सहा शिलिंग आठ पेन्स. पैही कमी झाली नाही.

साठ-पासष्ट वर्षांनी मुलगा हे लिहितो, तेव्हा क्रॉमवेलचं धड कधीच मातीला मिळालेलं आहे. मठ बुडवणाऱ्याबद्दल स्टो फार बोलत नाही. तो बावीस फूट लिहितो. सहा शिलिंग आठ पेन्स लिहितो. मोठमोठ्या इतिहासकारांनी क्रॉमवेलवर जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. मला तो माणूस कळला तो या एका परिच्छेदातून.

म्हातारपणी स्टो इतका खंक झाला की १६०४ साली पहिल्या जेम्सने त्याला काय द्यावं, तर देणग्या गोळा करण्याचा परवाना. म्हणजे राजमुद्रेनिशी भीक मागायची मुभा. सेंट मेरी वुलनॉथच्या अख्ख्या पॅरिशकडून साडेसात शिलिंग जमले. बेन जॉन्सन सांगतो, की एकदा दोघे चालले असताना रस्त्यात दोन लंगडे भिकारी दिसले, तेव्हा स्टोने त्यांना विचारलं, तुमच्या पंथात मला घ्यायला काय घ्याल? दुसऱ्या वर्षी तो गेला. सेंट अँड्र्यू अंडरशाफ्टच्या देवळात त्याचा पुतळा टेबलाशी लिहीत बसला आहे आणि त्याच्या हातात खरं पिसाचं बोरू आहे. ते दर काही वर्षांनी समारंभपूर्वक बदलतात. हयातीत साडेसात शिलिंग आणि मेल्यावर ताजं पीस. आपल्याकडेही सत्कार असेच होतात.

विल्यम कॅम्डेनचं तसं बरं चाललं. वेस्टमिन्स्टरच्या शाळेत मास्तर, पुढे राजाच्या पदरी वंशचिन्हांचा अधिकारी, आणि शेवटी वेस्टमिन्स्टर अॅबीत कबर. १५८६ साली त्याचा ब्रिटनवरचा लॅटिन ग्रंथ आला आणि युरोपभर गाजला. त्याच्या ग्रंथातलं मला एकच दृश्य पुरेसं आहे. केंटच्या किनाऱ्यावर रिचबरोला रोमनांचं जुनं ठाणं होतं. कॅम्डेन सांगतो, की धान्य उगवून आलं की शेतात रस्त्यांचे आडवेउभे पट्टे दिसतात. जिथून रस्ता गेला होता तिथे पीक विरळ. गाववाले त्याला सेंट ऑगस्टिनचा क्रूस म्हणत. विमानातून असलेच पट्टे टिपून गाडलेली नगरं शोधण्याचं शास्त्र विसाव्या शतकात उभं राहिलं. कॅम्डेन शेताच्या बांधावर उभा होता, बस्स.

कॅम्डेनचा विद्यार्थी रॉबर्ट कॉटन याने जमवलं ते कुणालाच जमलं नाही. मठांतून उधळलेलं जे जे हाती लागलं ते त्याने आपल्या कपाटांत भरलं. बहुतेक कपाटांवर एकेका रोमन सम्राटाचा अर्धपुतळा आणि त्यावरूनच पोथीचा पत्ता. लिंडिसफार्नची शुभवर्तमानं नीरोच्या कपाटात, बेवुल्फचं एकमेव हस्तलिखित व्हिटेलियसच्या. संसदेतली मंडळी राजाविरुद्ध दाखले शोधायला तिथे येऊ लागली, तेव्हा पहिल्या चार्ल्सने १६२९ साली ग्रंथालयाला टाळं ठोकलं. कॉटन खंगला आणि दीड वर्षात गेला. मेलेल्यांच्या पोथ्यांना जिवंत राजे घाबरतात, हा अनुभव इंग्लंडपुरता नाही.

शंभर वर्षांनी, २३ ऑक्टोबर १७३१च्या रात्री, ते ग्रंथालय ज्या अॅशबर्नहॅम हाउसमध्ये ठेवलं होतं त्याला आग लागली. रिचर्ड बेंटली हा जख्ख विद्वान रात्रीच्या कपड्यांत, अलेक्झांड्रियाचं बायबल काखोटीला मारून बाहेर पडला. पोथ्या खिडक्यांतून फेकल्या गेल्या. बेवुल्फच्या कडा करपल्या, आणि करपलेल्या कडा पुढे वर्षानुवर्षं झडत राहिल्या. १७८७च्या सुमारास थॉर्केलिन नावाच्या आइसलँडच्या विद्वानाने त्याच्या दोन नकला मिळवल्या, एक स्वतःच्या हाताची. आज मूळ पानांवर नसलेली कितीतरी अक्षरं त्या नकलांत आहेत. मॉल्डनच्या लढाईवरचं जुनं काव्य तर पूर्ण जळालं. त्याआधी काही वर्षं केसली नावाच्या ग्रंथपालाने त्याची नक्कल केली होती आणि लेलंडच्या वह्या छापणाऱ्या त्याच हर्नने ती १७२६ साली छापून टाकली होती. पाच वर्षांच्या फरकाने बचावलं, असं म्हणायचं.

या माणसांची चरित्रं वाचताना नकला करण्याचा हा प्रकार पुनःपुन्हा समोर येतो. स्वतंत्र बुद्धीचं, प्रतिभेचं असं त्यात काही नसतं. मान मोडून बसायचं, दुसऱ्याने लिहिलेलं आपल्या अक्षरात उतरवायचं. त्यांचे सिद्धांत पुढे बहुतेक चूक ठरले. ब्रूटस नावाच्या ट्रॉयच्या वीराने ब्रिटन वसवलं, आर्थर राजा अमक्या ठिकाणी पुरला, असल्या गोष्टींवर लेलंड हिरिरीने भांडला आहे. भांडणं विरली. ज्या दिवशी त्याला भांडायचा कंटाळा आला असेल आणि त्याने नुसती पोथ्यांची नावं लिहून काढली असतील, त्या दिवसाचं काम आज उपयोगी पडतं.

वेळेवर पोहोचलेला असा मला एकच सापडतो. १६४१ साली, यादवीचे ढग जमलेले दिसताच, विल्यम डग्डेल एका चित्रकाराला बरोबर घेऊन सेंट पॉलच्या कॅथीड्रलमध्ये गेला आणि तिथल्या थडग्यांची चित्रं, लेख सगळं उतरवून घेत सुटला. १६५८ साली वेन्सेस्लॉस होलरच्या कोरीव चित्रांसह त्याचं पुस्तक निघालं. आठ वर्षांनी कॅथीड्रल जळून खाक झालं. डग्डेल शहाणा, टापटिपीचा, यशस्वी माणूस. त्याच्यासाठी गळा काढायची गरज नाही.

गळा दाटून येतो तो जॉन ऑब्रीसाठी. जन्म १६२६, विल्टशायरमध्ये, माम्सबरीपासून थोड्याच अंतरावर. त्याच्या दाईला विजेत्या विल्यमपासून पहिल्या चार्ल्सपर्यंतचा इतिहास पोवाड्यांतून तोंडपाठ होता. शाळेतल्या पुस्तकांना जुन्या पोथ्यांच्या पानांची वेष्टणं होती. माम्सबरीला हातमोजे घ्यायला जावं, तर तेही पोथीच्या पानात गुंडाळून मिळायचे. आजोबांच्या काळात ही पानं फुलपाखरांसारखी उडत फिरायची, असं ऑब्रीनेच म्हटलं आहे. आणि शाळेच्या गावचा पाद्री होता विल्यम स्टंप; त्या कापडवाल्या स्टंपचा वंशज. गोष्टीवेल्हाळ, दिलदार माणूस. घरी खास बिअर गाळली की पिंपाच्या भोकाला मातीच्या खाली तो पोथीचं एक पान चोंदायचा. याच्याइतकं घट्ट दुसरं काही बसत नाही, असं त्याचं मत होतं. लहानग्या ऑब्रीच्या पोटात तेव्हाही कालवत असे. वयात आल्यावर, १६४७ साली, उरलेल्या पोथ्या पाहाव्यात म्हणून तो स्टंपकडे गेला. पोथ्या नव्हत्या. मधल्या काळात यादवी युद्ध येऊन गेलं होतं आणि स्टंपचे पोरगे तोफखान्यात होते. त्यांनी त्या पानांनी तोफा साफ केल्या होत्या.

लेलंडने त्या मठातली पुस्तकं डोळ्यांनी पाहिली, हाताळली. शतक उलटलं आणि ऑब्रीच्या वाट्याला हातमोज्याचं वेष्टण आलं. त्याची लिहिण्याची सारी तऱ्हा यातून घडली असावी, असं मला वाटत आलं आहे. आज टिपलं नाही तर उद्या कुणीतरी त्याने बंदूक पुसेल, अशा घाईने तो लिहितो. कोण कसं हसायचं, मिल्टन 'र'चा उच्चार कसा ठासून करायचा, हॉब्जच्या टकलावर माशा कशा बसायच्या. जन्मसाल आठवलं नाही तर जागा कोरी सोडायची, पुढे भरू. पानोपानी असे खड्डे आहेत आणि त्यांतले बरेच शेवटपर्यंत कोरे राहिले. छापखाना आणि बंदुकीची दारू यांनी इंग्लंडमधल्या पऱ्या आणि भुतंखेतं पळवून लावली, अशी त्याची तक्रार होती. तो स्वतः रॉयल सोसायटीचा सभासद होता हे लक्षात घेतलं, म्हणजे या तक्रारीची गंमत कळते.

जानेवारी १६४९. पहिल्या चार्ल्सचं डोकं उडायला तीन-एक आठवडे आहेत. बावीस वर्षांचा ऑब्री शिकारीला निघालेल्या मंडळींबरोबर घोडा दौडवत एव्हबरी गावात शिरतो आणि थांबतो. गाव एका प्रचंड मातीच्या बांधाच्या आत वसलं आहे. घरांच्या मधून, कुंपणांतून, परसातून माणसाच्या दुप्पट उंचीचे दगड उभे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या दगडांना गाई बांधत आले होते. हे एक रिंगण आहे, कुणीतरी मुद्दाम रचलेलं आणि रोमनांच्याही आधीचं, हे त्या दिवशी त्या पोराला दिसलं. कुत्रे पुढे गेले, मंडळी पुढे गेली, हा मागे रेंगाळला. स्टोनहेंज याच्यापुढे गावचं देऊळ आणि हे म्हणजे कॅथीड्रल, असं तो पुढे म्हणाला. १६६३ साली त्याने दुसऱ्या चार्ल्सला ती जागा फिरून दाखवली. राजाने फर्मावलं, दगडांच्या बुडाशी खणून माणसांची हाडं आहेत का बघ. ऑब्रीने खणलं नाही. का, ते सांगितलंही नाही. नुसतं लिहिलं, की मी ते केलं नाही.

पुढे वडिलार्जित कर्जं, कोर्टकज्जे, फिसकटलेल्या सोयरिकी. १६७०च्या आसपास राहतं घर विकलं, आणि सावकाराची माणसं चुकवत मित्रांच्या घरी मुक्काम टाकत तो जगला. हेच दिवस सुखाचे गेले, असंही त्याने सांगितलं आहे, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. ज्या माणसांची टिपणं त्याने केली ती अँथनी वूड या ऑक्सफर्डच्या खडूस विद्वानाच्या ग्रंथासाठी. ऑब्रीने जीव तोडून माहिती पुरवली. वूडने त्याला भटक्या नि किडक्या डोक्याचा म्हटलं, आणि हस्तलिखित परत देताना त्यातली चाळीस-एक पानं कापून घेतली. बदनामीच्या खटल्याची धास्ती असेल. पण एका जुन्याच्या अभ्यासकाने दुसऱ्याच्या वहीला कात्री लावावी? तोफा पुसणाऱ्या पोरांना एक वेळ माफ करता येतं.

प्राचीन अवशेषांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथासाठी वर्गणीदार मिळाले नाहीत. तो छापून पुरा व्हायला १९८२ साल उजाडलं. ऑब्री गेला जून १६९७ मध्ये, ऑक्सफर्डला. सेंट मेरी मॅग्डलेनच्या दफननोंदीत त्याच्या नावापुढे 'परका' असं लिहिलं आहे.

१७०७ साली लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात तीन मित्र जमले आणि त्यांनी अँटिक्वेरी मंडळींची संस्था पुन्हा सुरू केली. आधीची एक पहिल्या जेम्सच्या नाराजीने बंद पडली होती. या संस्थेच्या 'आर्किओलॉजिया' या नियतकालिकाच्या सातव्या खंडात, १७८५ साली, आपल्या घारापुरीचं वर्णन छापलेलं आहे. कॅप्टन पाइक नावाच्या दर्यावर्दीने ते १७१२ साली लिहिलं होतं. पाइक तिथे उतरला तेव्हा किनाऱ्यावरचा दगडी हत्ती उभा होता. १८१४ साली त्याची मान गळून पडली. आता तो सांधून भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवला आहे. इथेही तीच रीत: आधी उतरवून घेतलेलं, मग कोसळलेलं.

त्या संस्थेचा पहिला चिटणीस विल्यम स्टुकली हा पेशाने वैद्य. ऑब्रीच्या न छापलेल्या ग्रंथातले उतारे कुणीतरी नकलून ठेवले होते. ते १७१८ साली त्याच्या हाती पडले आणि दुसऱ्या वर्षी तो एव्हबरीला पोहोचला. ऑब्रीने पाहिलं तेवढं आता तिथे नव्हतं. १६९४च्या सुमारास, म्हणजे ऑब्री हयात असतानाच, वॉल्टर स्ट्रेच नावाच्या गावकऱ्याने दगड फोडायची युक्ती शोधून काढली होती. दगडाच्या बुडाशी खड्डा घ्यायचा, त्यात तो आडवा पाडायचा, खाली गवताचा पेंढा भरून पेटवायचा. दगड लालबुंद झाला की वर गार पाण्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेवर घणाचे घाव घालायचे. पहिला प्रयोग खाणावळीसमोरच्या दगडावर झाला. त्याच्या वीस गाड्या भरल्या आणि त्यातून खाणावळीची जेवणाची खोली उभी राहिली. मग टॉम रॉबिन्सन नावाचा दुसरा एक जण पुढे सरसावला आणि त्याने धडाकाच लावला.

स्टुकली दर उन्हाळ्यात येत राहिला, १७२४ पर्यंत. पेटलेल्या खड्ड्याचं चित्रसुद्धा त्याने काढलं आहे: दगड, धूर, घण घेतलेली माणसं. अडवायची त्याची ताकद नव्हती. कुठला दगड कुणी फोडला, केव्हा, कशासाठी आणि तो कुठल्या भिंतीत गेला, हे त्याने घरोघर विचारून लिहून घेतलं. पुढच्या आयुष्यात तो पाद्री झाला, ड्रुइड पुरोहितांच्या नादी लागला आणि सगळ्या एव्हबरीत त्याला एक महासर्प दिसू लागला. तो सर्प आता कुणी मानत नाही. विसाव्या शतकात अलेक्झांडर किलरने रिंगण उकरलं आणि उरलेले दगड पुन्हा उभे केले, तेव्हा हाताशी धरायला स्टुकलीचे नकाशे होते.

स्टुकलीच्या नोंदींत एक नोंद या फोडलेल्या दगडांतून बांधलेल्या घरांची आहे. हे दगड थंडीत सदा घाम धरतात, त्यामुळे त्यांच्या भिंती ओल्या राहतात, घरात राहणं बाधतं आणि लाकडी सामान कुजतं. शिवाय फोडण्याचा खर्च एवढा, की नफा दूरच. हे लिहिताना स्टुकलीला झालेला आनंद त्याच्या गंभीर वाक्यांतूनही लपत नाही. पाद्री झालेला माणूस, पण शेजाऱ्याचं कपाट कुजल्याचं तो मोठ्या चवीने सांगतो.